करा, बोला, वाचा, लिहा
(मंडळाच्या पालकसभेत केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहून दिलं आहे.)



कार्यवाहांनी मला सांगितलं, "तुम्ही रविवारी मुलांना घेऊन गच्चीवर काय करता, ते एकदा पालकांना सांगा." म्हणून उभा आहे. मी शिक्षक नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्यात लागलो, त्याला वीस वर्षं होत आली. भाषणाची सवय नाही, मोजमापाची आहे. तेव्हा जे केलं तेवढंच सांगतो.

आपल्या मुलांची परिस्थिती आपल्याला ठाऊक आहे. शाळा इंग्रजीत, मित्र तेलुगू आणि हिंदीत, आणि मराठी आरतीपुरती किंवा आजीशी फोनवर बोलण्यापुरती. घरात मराठी आहे, पण तिला काम नाही. जिला काम नाही ती भाषा हळूहळू दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूसारखी होते. पुसायची, पुन्हा ठेवायची.

दुसरी गोष्ट विज्ञानाची. वर्गात पहिल्याच रविवारी मी विचारलं, बाष्पीभवन म्हणजे काय? सहा मुलांनी इंग्रजीत एका दमात व्याख्या म्हटली. मग विचारलं, दोरीवर टाकलेला ओला टॉवेल आधी कुठे वाळतो, वर की खाली? सगळे गप्प. दोरी प्रत्येकाच्या बाल्कनीत आहे, टॉवेल रोज वाळतो. पाहिलं कुणीच नव्हतं. पुढच्या रविवारी पाहून आले. वरचा भाग आधी वाळतो, कारण पाणी खाली उतरतं, हे त्यांचं त्यांनीच सांगितलं. म्हटलं, आता हेच चार ओळींत लिहा. पुन्हा सगळे गप्प. 'माझा आवडता सण' यावर पानभर लिहिणारी मुलं 'मी काय पाहिलं' यावर चार ओळी लिहू शकत नव्हती.

म्हणजे एकाच जागी दोन भोकं. पाहण्याची सवय नाही आणि पाहिलेलं लिहिण्याची सवय नाही. माझं म्हणणं एवढंच, की ही दोन्ही एकाच कामाने बुजतात. आणि ते काम मराठीत केलं तर घरातली मराठीही कामाला लागते.

आमच्या खात्यात एक वही असते, मेजरमेंट बुक. आम्ही एम.बी. म्हणतो. तिचे नियम कडक आहेत. माप जागेवर घ्यायचं, जागेवरच लिहायचं. घरी जाऊन आठवून लिहायचं नाही. चुकलं तर खोडरबर नाही, एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा आणि सही. रविवारच्या वर्गात प्रत्येक मुलाला मी शंभर पानी वही दिली आणि हेच नियम सांगितले. मुलांना त्यातलं सहीचं कलम फार आवडलं!

ही कल्पना काही माझी नाही. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १६ सरकारी शाळांतून एक प्रयोग सुरू झाला, होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. पुढे एकलव्य संस्थेने तो सांभाळला, तो शेकडो शाळांत पसरला आणि २००२ पर्यंत चालला. त्यांचं 'बाल वैज्ञानिक' हे पुस्तक उत्तरं देत नसे, प्रश्न विचारत असे. उत्तर मुलाच्या वहीत तयार व्हायचं. परीक्षेला पुस्तक आणि वही दोन्ही घेऊन बसायची मुभा होती. खेड्यातल्या मुलांसाठी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या करणारे अरविंद गुप्ता याच कार्यक्रमातून पुढे आले. त्यांनी नंतर पुण्याला आयुकात मुलांसाठी जे काम केलं, ते आपल्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास यांनी प्राथमिक वर्गांसाठी 'स्मॉल सायन्स' ही पुस्तकमाला केली. त्यात पाठाबरोबर मुलाची कार्यपुस्तिका असते. पाहा, चित्र काढा, सारखं काय आणि वेगळं काय ते सांगा, घरी विचारून या, शब्दांशी खेळा. विज्ञानाच्या पुस्तकात भाषेचा तास मुद्दाम मिसळलेला आहे. आणि तिकडे अमेरिकेत बर्कलीच्या लॉरेन्स हॉल ऑफ सायन्सने विज्ञान आणि माहितीपर वाचन एकत्र शिकवण्याचा एक अभ्यासक्रम केला. त्याचं सूत्र चार शब्दांचं आहे: करा, बोला, वाचा, लिहा. मी ते उचललं. यात क्रम महत्त्वाचा. आपल्याकडे आधी वाचतात, मग पाठ करतात, आणि वेळ उरला तर करतात.

आता दोन उदाहरणं सविस्तर सांगतो.

पहिलं पावसाचं. जूनमध्ये प्रत्येकाने दोन लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली आणली. सरळ भिंतीची हवी, मध्ये चिमटलेली चालत नाही. वरचा भाग कापून तोंड खाली करून बाटलीत बसवला, झालं नरसाळं. तळ सपाट नसतो म्हणून खाली खडे टाकून थोडं पाणी भरलं आणि त्या पातळीला शून्य मानून पट्टी चिकटवली. झाडाखाली नाही, भिंतीला लागून नाही, गच्चीवर मोकळ्यात. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला माप घ्यायचं, मिलिमीटरमध्ये. घ्यायचं, लिहायचं, पाणी पुन्हा शून्यावर आणायचं.

पहिल्याच आठवड्यात भांडणं झाली. एकाच संध्याकाळच्या पावसाचं कुकटपल्लीचं माप १८ आणि काचीगुड्याचं ४. "तुझी बाटली खोटी" इथपासून सुरुवात झाली. मी मध्ये पडलो नाही. बोलता बोलता त्यांनाच उमगलं, की शहरात पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. 'बोला' म्हणजे हे. मुलं मराठीत भांडली, कारण वहीतले शब्द मराठी होते.

मग वाचन. १९०८ च्या २८ सप्टेंबरला मुसी नदीला जो महापूर आला, त्यावर दोन पानांचा मजकूर मी सोप्या मराठीत लिहून नेला. आपल्या जुन्या घरांमधून या पुराच्या गोष्टी अजून सांगतात. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली, ते झाड मुलांना नंतर दाखवूनही आणलं. पुरानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, मुंबई इलाख्यात वर्षानुवर्षं नोकरी केलेले, म्हणजे अर्धे आपलेच. त्यांनी आधी नुसती पाहणी केली नाही, पावसाचे आकडे गोळा केले. शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच पाऊस झाल्याची नोंद त्यांना मिळाली. मुसीच्या खोऱ्यातले शेकडो छोटे तलाव त्यांनी हिशेबात घेतले. त्यातले दोनशेहून जास्त फुटले होते. एक फुटला की त्याचं पाणी खालच्यावर. या हिशेबातून वर दोन मोठे जलाशय बांधायची योजना आली. उस्मानसागर, म्हणजे आपलं गंडीपेट, १९२० मध्ये झालं आणि हिमायतसागर १९२७ मध्ये. शंभर वर्षं या शहराने ते पाणी प्यालं.

वाचून झाल्यावर मुलांनी १२.८ इंचांचे मिलिमीटर केले. ३२५ आले. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरची गच्ची धरली तर एका दिवसात साडेबत्तीस हजार लिटर, म्हणजे आपण मागवतो तसे पाच हजारांचे साडेसहा टँकर. एका सहावीतल्या मुलीने वहीत लिहिलं, "त्या दिवशी माझी बाटली भरून सांडली असती." मला विचाराल तर पुराचं यापेक्षा चांगलं वर्णन मी वाचलेलं नाही. १३ ऑक्टोबर २०२० ला घटकेसरच्या बाजूला एका दिवसात ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला आणि शहराची काय दशा झाली, ते आपण सगळ्यांनी भोगलं. ३०० हा आकडा बातमीत ऐकणं वेगळं आणि स्वतःच्या बाटलीवर १८ ला रेघ मारलेल्या मुलाने तो वाचणं वेगळं.

शेवटी लेखन. सहा ओळींचा अहवाल: तारीख, वेळ, माप, काल किती होतं, काय वेगळं दिसलं, काय कळलं नाही. सहावी ओळ सक्तीची. 'काय कळलं नाही' हे लिहिण्याची आपल्या शाळांमधून बंदीच असते. याच अहवालाची एक प्रत एका मुलाने नांदेडला आजीला पाठवली. आजींनी फोन करून बाटली कशी कापायची ते विचारून घेतलं. आता दर रविवारी दोघांचे आकडे जुळवले जातात. पूर्वी त्या फोनवर "जेवलास का" याच्या पुढे संभाषण जात नव्हतं, असं त्याच्या आईने मला सांगितलं.

दुसरं उदाहरण डासांचं. ऑगस्टमध्ये आपल्या घराघरांत ताप असतो, तेव्हा विषय शोधावा लागत नाही. बंद पडलेल्या कूलरच्या ट्रेमधलं पाणी काचेच्या बरणीत आणलं, तोंडाला दुहेरी जाळीचं कापड घट्ट बांधलं. हे मोठ्यांनीच करायचं, आणि कोशातून डास बाहेर यायच्या आत ते पाणी कोरड्या तापलेल्या जमिनीवर ओतून टाकायचं. भिंगातून पाहिलं तर अळ्या डोकं खाली करून तिरप्या लटकलेल्या होत्या. मलेरियाच्या डासाची, म्हणजे ॲनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते. म्हणजे आमच्या बरणीतले डास मलेरियाचे नव्हते. डेंग्यूचे असू शकत होते. काही दिवसांनी कोश दिसले. एकाने लिहिलं, "कोश स्वल्पविरामासारखा आहे." व्याकरणाचा तास फुकटात झाला.

मग वाचन. यासाठी तर दूर जायलाच नको. बेगमपेटला जुन्या विमानतळाजवळ सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाची इमारत आहे. आपण रोज तिच्यावरून जातो. २० ऑगस्ट १८९७ ला मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, याचा पहिला पुरावा रॉसना या आपल्या शहरात मिळाला. त्यासाठी १९०२ चं नोबेल पारितोषिक मिळालं. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला ते चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा देत. उकाडा भयंकर, पण पंखा हलवता येत नसे, कारण डास उडून जातील. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते.

मुलांना यातलं मला दाखवायचं होतं ते वेगळंच. २० तारखेला रॉसना डासाच्या पोटाच्या भिंतीत काही पेशी दिसल्या, त्यांत मलेरियाच्या रक्तात असतात तसे काळे कण. त्यांनी त्या लिहून, चित्र काढून ठेवल्या. २१ तारखेला दुसरा डास उघडला, त्यात त्याच पेशी, पण मोठ्या. काल लिहून ठेवलं होतं म्हणून आज 'मोठ्या' म्हणता आलं. म्हणजे ही वस्तू वाढते, म्हणजे ती जिवंत आहे! आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जो लेख छापला, त्याचं शीर्षक साधारण असं होतं, की मलेरियाचं रक्त प्यालेल्या दोन डासांत आढळलेल्या काही वेगळ्या पेशींविषयी. दोन डासांत! जगाला हलवणारा शोध, पण जेवढं पाहिलं तेवढंच लिहिलं. पुढचा पुरावा त्यांनी कलकत्त्याला पक्ष्यांवर काम करून पुरा केला. हे वाचल्यावर आमच्या मुलांनी स्वतःच्या वह्या उघडून 'खूप', 'भरपूर', 'सगळे' असे शब्द शोधले आणि रेघ मारून सह्या केल्या.

लेखनाला यावेळी सूचनाफलक दिला. प्रत्येकाने आपल्या अपार्टमेंटसाठी सूचना लिहायची. पहिल्या खेपेला घोषणा आल्या, डास हटवा, देश वाचवा. म्हटलं, ही वाचून कूलर कोण रिकामा करेल? दुसऱ्या खेपेला एका मुलाने लिहिलं: "आपल्या गच्चीवरच्या बंद कूलरच्या ट्रेमध्ये रविवारी सकाळी ४० अळ्या मोजल्या. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर रविवारी ट्रे कोरडा करावा." खाली तेच तेलुगूत आणि इंग्रजीत. सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी सगळे ट्रे उलटे करवले. २०२० मध्ये आपल्याकडे दर रविवारी दहा वाजता दहा मिनिटं साठलेलं पाणी काढण्याची सरकारी मोहीम निघाली होती. रविवारच का, आठवड्यातून एकदाच का पुरे, याचं उत्तर आता ही मुलं देऊ शकतात. लिहिलेल्या आठ ओळींनी कुणाचा तरी ताप टळू शकतो, हे ज्या मुलाला दहाव्या वर्षी कळलं, त्याला 'लेखनाचं महत्त्व' वेगळं शिकवावं लागत नाही.

आता पालकांचे नेहमीचे दोन प्रश्न.

पहिला: "याने मार्क वाढतील का? आमचा मुलगा सहावीपासून फाउंडेशन कोर्सला आहे." मार्कांचं वचन मी देत नाही. एवढं सांगतो, की माझ्या नोकरीत हुशार पोरं खूप येतात. गणितं सोडवतात, पण जागेवर जाऊन काय दिसलं याचं एक पान त्यांना लिहिता येत नाही. आणि धरणाची गळती बहुविकल्पी प्रश्न विचारून येत नाही.

दुसरा: "विज्ञान मराठीत कशाला? पुढे उपयोग काय?" याच शहरात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, आणि तिथे पुढे विज्ञान आणि वैद्यक उर्दूत शिकवत. त्यासाठी आधीच्या वर्षी भाषांतराचं स्वतंत्र खातं उघडलं होतं. म्हणजे आपल्या भाषेत विज्ञान ही हैदराबादला नवी गोष्ट नाही. मराठीत तर बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्येच 'दिग्दर्शन' मासिक काढून असे विषय मांडले. 'सृष्टिज्ञान' १९२८ पासून आहे, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून. आणि इथे केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी निजामाच्या राज्यात मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी उभी केली, ती मुलांना फक्त सण साजरे करता यावेत म्हणून नव्हे. मुलांनी इंग्रजी सोडावं, असं मी म्हणत नाही. शाळेची वही इंग्रजीत राहू दे. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते आधी घरच्या भाषेत सांगता आलं, तर पुढे कोणत्याही भाषेत सांगता येतं.

शब्दांवरून हट्ट धरू नका. आमच्या भिंतीवर एक शब्दांचा तक्ता आहे. 'पर्जन्यमापक' आणि 'रेन गेज' शेजारी शेजारी. मूल जो वापरेल तो चालतो. काही मुलांच्या आई तेलुगू आहेत, त्यांचं मराठी जरा अडखळतं. ती मुलं आधी चित्र काढतात, नावं देतात, मग वाक्य लिहितात. ऱ्हस्व-दीर्घ मी शेवटी पाहतो. आधी पाहतो, की जे लिहिलं ते खरोखर पाहिलं होतं का.

घरी करण्यासारखं एक काम सांगतो आणि थांबतो. गणपती जवळ आलेत. शाडूच्या मातीचा, न भाजलेला, वाळलेला एक गोळा आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा तेवढ्याच वजनाचा एक तुकडा घ्या. दोन बादल्यांत पाण्यात सोडा. दहा मिनिटांनी, तासाने, दुसऱ्या दिवशी पाहा आणि मुलांना लिहू द्या. शाडू सुटून खाली बसेल. मुलं लिहितील, 'माती विरघळली'. तिथे त्यांना थांबवा. मीठ विरघळतं, ते दिसेनासं होतं. माती विरघळत नाही, ती सुटी होऊन तळाशी बसते. एका शब्दात केवढं विज्ञान आहे पाहा. घट्ट झालेलं प्लास्टर, म्हणजे जिप्सम, लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. शंभर ग्रॅमच्या तुकड्याला चाळीस-पन्नास लिटर पाणी लागेल, तेही बऱ्याच वेळाने. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशा मूर्ती विरवण्याची पद्धत काढली आहे, तीही मुलांना वाचायला द्या. आणि माती तळाशी बसते म्हटल्यावर एखादं मूल विचारेल, "मग हुसेनसागरच्या तळाशी किती बसली असेल?" उत्तर देऊ नका. म्हणा, वहीत सहाव्या ओळीत लिही.

मंडळाकडे माझी दोनच मागणी आहे. एक, निवृत्त शिक्षक आणि वाचक मंडळींनी महिन्यातून एक रविवार द्यावा आणि मुलांना वाचता येतील असे दोन-दोन पानांचे मजकूर मराठीत लिहून द्यावेत. आपल्या शहरातले विषय घ्या: गंडीपेट, हुसेनसागर, निजामिया वेधशाळा, आपल्या इथले प्रचंड दगड. दुसरी, पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत चार पानं या मुलांच्या अहवालांना मिळावीत. बक्षीस नको. छापलेलं नाव आणि खाली सही पुरे.